काचेमागची माणसं

२२ सप्टेंबर २००३

सकाळची गाडी चुकली. म्हणजे मी नेपरव्हिल स्टेशनवर वेळेत होते, पण पास विसरला की काय म्हणून बॅग उपसत बसले आणि दार बंद झालं. पास हातातच होता.

शिकागोला पोचले तेव्हा त्या सहाजणी येऊन बसल्या होत्या. अंगावरचे कोट काढलेले नव्हते. बाईंनी (माझ्या प्रोफेसर. त्यांच्या प्रोजेक्टवर मी असिस्टंट आहे, त्याच्यावरच माझी फी आणि माझा व्हिसा) सगळ्यांना प्रवास विचारला, कॉफी विचारली. उत्तरं एकेका शब्दात.

त्यांच्या देशातली हुकूमशाही जाऊन दहा-बारा वर्षं झाली. पण सोशल वर्क हा व्यवसायच तिथे नाही. कॉलेज नाही, पदं नाहीत, काही नाही. या सहाजणी डिसेंबरपर्यंत इथे शिकणार आणि परत जाऊन पहिला विभाग उघडणार. त्यांची प्रमुख लिडिया. पन्नाशीची, पूर्वी शाळेत गणित शिकवायची. इंग्रजी रेडिओवरून शिकली म्हणे, चोरून. बोलते मात्र झकास.

जेवणाच्या सुट्टीत मी हे लिहायला काढलं तर मागे येऊन उभी.

"काय लिहितेस?"

"रोजनिशी. स्वतःपुरती."

"असं काही नसतं," ती म्हणाली. "माझ्या देशाचं नाव त्यात घालू नकोस."

हसेल असं वाटलं. हसली नाही. म्हणून घालत नाही.

२६ सप्टेंबर

आज होम व्हिजिट हा विषय. बाई सांगत होत्या, कुटुंबाच्या घरी जायचं, मोकळेपणानं बसायचं, मुलांची चौकशी करायची, कुणी काही प्यायला दिलं तर घ्यायचं. सहाजणी ऐकत होत्या. एकीनंही पेन उचललं नाही.

मग लिडिया म्हणाली, "हे आमच्याकडे होतं."

बाई खूश. "अच्छा? मग पाया आहेच तर!"

"प्रत्येक इमारतीत एक बाई असायची. मुलांना लस टोचली का विचारायला यायची. बसायची. नवरा कुठे आहे, पाहुणे कोण आलेत, पुस्तकं कुठली वाचता. मग जायची आणि सांगायची."

"कुणाला?"



चहाच्या वेळी मी लि.ला सांगितलं की आमच्या आजीच्या वस्तीत सर्व्हेच्या बाई यायच्या. घरातली भांडी मोजायच्या, सगळं विचारायच्या, पाणी दिलं की मात्र "नको, आत्ताच प्यायले." वर्षानुवर्षं आत्ताच प्यायलेल्या. त्या रागातून मी या शिक्षणाकडे वळले, खरं सांगायचं तर.

लि. म्हणाली, "आमच्या बायका सगळं खायच्या. केकसुद्धा बांधून न्यायच्या."

दोघी हसलो. मग एकदम थांबलो.

२ ऑक्टोबर

रात्रीच्या जेवणाला दादा फॉर्मात. "काय शिकवून राहिले तुला? लोकांच्या घरात कसं डोकवायचं?" दादा नागपूरचाच राहिला, वहिनी पुण्याची. ती म्हणाली, "तुम्ही नाही का लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये डोकावत? तेही रिमोटली."

सोहमला आज शाळेत कुणीतरी ढकललं. "ही पुश्ड मी, आत्या." मी विचारलं, त्यानंच ढकललं हे तू पाहिलंस, की कुणी सांगितलं? तोंड वाकडं करून गेला. वहिनी म्हणते, पाच वर्षांच्या पोराची उलटतपासणी नको.

पण मला तसंच शिकवलंय. बाबा कॅनॉलवर ओव्हरसियर, कॅम्पवर शाळा नाही. तिसरीपर्यंत आईनं घरीच शिकवलं, स्टोव्हजवळ पाट मांडून. पाढे, बाराखडी, आणि हा एक धडा: पाहिलंस की ऐकलंस? ऐकलेलं पाहिलं म्हणून सांगितलं की त्या दिवशी गोष्ट बंद. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून खोटं बोलायचं नाही, एवढं एकच वाक्य ती रागावून म्हणायची. अजून अंगावर येतं.

९ ऑक्टोबर

आज रोल-प्ले. एकीनं क्लायंट व्हायचं, दुसरीनं सोशल वर्कर. छोटी खोली, दोन खुर्च्या, कोपऱ्यात कॅमेरा. एका भिंतीला काच. आतून ती आरशासारखी दिसते, पण पलीकडच्या खोलीत बसून बाकीच्यांना सगळं दिसतं, ऐकू येतं. बाईंनी हे आधीच सांगितलेलं. तरी आत आल्याआल्या प्रत्येकीनं आरशात न बघता आरशाकडे पाठ केली.

लिडियासमोर सोशल वर्कर म्हणून मी. नमुना म्हणून.

मी शिकवल्याप्रमाणे उठून दार लावलं. गोपनीयता. लि.चा चेहरा त्या क्षणी बदलला, मी पाहिलं. पाहिलं आणि पुढे गेले.

झोप न लागणारी बाई, अशी तिची भूमिका. बोलायला लागली. एका हिवाळ्यात दारावर थाप पडली, नवरा पायमोज्यांवरच दार उघडायला गेला, बूट घालायलासुद्धा थांबू दिलं नाही. बूट अजून आहेत म्हणाली. इथे मी थांबायला हवं होतं. मी विचारलं, "कोण आलं होतं?"

तिनं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट. शांतपणे, वर्गात उत्तर सांगावं तसं.

काचेमागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बाहेर आल्यावर बाई माझ्यावर खूश: इतका विश्वास इतक्या लवकर! बाकीच्या पाचजणींपैकी एक तिथे नव्हती. दोघी खिडकीबाहेर बघत होत्या.

१० ऑक्टोबर

कॅसेटवर नंबर घातले, एक नंबर बाईंच्या प्रस्तावनेचा. आमची सात नंबर. ऐकून उतरवून काढायचं काम माझंच. ते नाव आलं की हात थांबतो.

लि.ला जिन्यात गाठलं. "कालचं... ते खरं होतं का?"

"रोल होता."

"सूचना अशी होती की क्लायंट मनानं रचायचा."

"सुयाता," (माझं नाव सुजाता, तिच्या तोंडी असंच येतं) "माणसाबद्दल गोष्टी रचणं हे आमच्याकडे त्यांचं काम होतं. ते फार छान रचायचे. आम्हाला कुणी ते शिकवलं नाही. आमच्या सहाही कॅसेटा तपास. एकीलाही जमलेलं नाही."

तपासल्या. खरंच. नवऱ्यानं टाकलेली, आईला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेली, बहिणीशी बोलत नसलेली. सगळ्यांचे आवाज मध्येच बारीक होतात. रचलेल्या गोष्टीत आवाज असा बारीक होत नाही. पण नाव फक्त लि.नं घेतलंय.

आणि विचारलं मी.

५ नोव्हेंबर

त्यांच्या मंत्रालयातून एक गृहस्थ आलेत. श्री. के. चाळिशीचे, हळू बोलणारे. प्रत्येक बाईसाठी दार धरून उभे राहतात. समारोपापर्यंत इथेच राहणार.

संध्याकाळी बाईंनी छोटी पार्टी ठेवली. के.नी ग्लास उचलला, अमेरिकेचे आभार, बाईंचे आभार. मग म्हणाले, हे सगळं ज्यांच्या दूरदृष्टीमुळे झालं ते आमचे उपमंत्री. आणि नाव घेतलं.

तेच नाव.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. एका नावाची दोन माणसं असू शकतात. लि.कडे बघितलं. ती सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. एकसारख्या, थांबायच्या वेळी बरोबर थांबून.

गाडीत बसल्यावर आठवलं की मी माझा कोट तिथेच विसरले. थंडी वाजली नाही.

७ नोव्हेंबर

के.ना सगळ्या रोल-प्लेच्या कॅसेटा हव्यात. प्रती. "आमच्या नव्या विभागाची ही पहिली लायब्ररी." बाईंच्या डोळ्यात पाणीच यायचं बाकी होतं. मला म्हणाल्या, प्रती करायला घे, सगळ्यांच्या संमतीच्या सह्या आहेतच.

सह्या आहेत. पहिल्याच दिवशी घेतल्या, कोट घातलेल्या हातांनी केल्या.

बाईंना सांगावं का? काय सांगायचं? की सात नंबरमधलं खरं आहे? म्हणजे क्लायंटचं गुपित मीच फोडणार. आणि खरं आहे हे मला माहीत तरी आहे का? पाहिलं नाही. 'खरं आहे' असं तिच्याकडून ऐकलंही नाही. लि. "रोल होता" म्हणाली.

पण बुटांबद्दल कुणी असं रचून बोलत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

लि.ला घरी जेवायला आणलं. वहिनीनं भरली वांगी केली. लि.नं तीनदा घेतली. दादा तिला म्हणाला, "आमची ही लहानपणापासून अशीच, आरशालापण विचारते तू खरा काय म्हणून." लि.ला मी भाषांतर करून सांगितलं. ती इतकी हसली की डोळे पुसले.

नंतर आम्ही दोघी बाहेर चालायला निघालो. घरांपुढे पानांचे ढीग, माणूस एक नाही. तिनं विचारलं, या रस्त्यावर लोक राहतात ना?

मी सांगून टाकलं. के.ना कॅसेटा हव्यात.

"माहीत आहे."

"मी सात नंबर देत नाही. खराब झाली म्हणते."

ती थांबली. "नंबर घातलेत ना तुम्ही?"

"हो."

"मग सात नसली की त्याला पहिल्यांदा सातच हवी होईल. बाकीच्या तो बघणारसुद्धा नाही." पुढे म्हणाली, "आमच्याकडे फोटोतून माणसं कापून काढायचे. मग सगळं शहर त्या कापलेल्या जागेकडेच बघत बसायचं."

"मग परत जाऊ नका. इथे अर्ज करा. मी..."

"आणि विभाग कोण काढणार? तो काढेल. त्याला काढायचाच आहे." के.बद्दल बोलत होती. "विचार कर, सुयाता. घरोघर जाणाऱ्या शिकलेल्या मुली. गोड बोलणाऱ्या. लोक आपणहून दार उघडतील अशा. त्याला यापेक्षा चांगलं काय हवं?"

म्हणून तिला परत जायचंय. पहिली प्रमुख ती असली पाहिजे. तिनं ठरवलंय की तिच्या मुली घरात शिरणार नाहीत, जिन्यात खुर्ची टाकून बसतील. दार उघडं. शेजारीण हवी असली तर शेजारीण. जे लिहायचं ते मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि कागद त्या घरातच ठेवून यायचा.

बाईंना हे तिनं एकदा सांगून बघितलंय. बाई म्हणाल्या, इंटरेस्टिंग, पण व्यावसायिक निकषांत बसत नाही.

१२ नोव्हेंबर

दोन दिवस विचार केला. खोटं न बोलता काय सांगता येईल? एवढंच सापडलं: माझा प्रश्न चुकीचा होता. हे खरं आहे. झोप न लागणाऱ्या बाईला नाव विचारायचं नसतं. तिला काय हवं ते विचारायचं असतं.

बाईंना म्हटलं, सात नंबर नमुना म्हणून जाऊ नये, मी इंटरव्ह्यू बिघडवलाय. तो पुन्हा करायची परवानगी द्या.

बाईंनी चष्मा काढला. "मला तर तो सर्वोत्तम वाटला."

"मी कुतूहलानं विचारलं. तिच्यासाठी नाही."

चष्मा परत घातला. मग जरा थंडपणे म्हणाल्या, "स्वतःबद्दल इतकी शंका असेल तर मला मूल्यमापनात नोंद करावी लागेल. चालेल?"

चालेल म्हटलं. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. दादाला फोन केला तर म्हणाला, "सुजे, तुझी फी त्या बाईच्या हातात, तुझा व्हिसा त्या बाईच्या हातात, अन् तू तिच्यापुढं स्वतःच चुका मोजून राहिली? काहून?"



१८ नोव्हेंबर

इंटरव्ह्यू पुन्हा केला. लि.नं आज क्लायंट मनानं रचला. मधुमेह झालेला नवरा, जो लपून मध खातो. बरणी कुठे लपवतो, मिशीला मध कसा लागतो, हिला मुंग्यांवरून कसं कळतं. मला हसू आवरेना. काचेमागूनही हसण्याचा आवाज. मी दार लावलं नाही, आणि बाईंनी ते नोंदवून घेतलं.

रचता येत नाही म्हणाली होती. आठवडाभर सराव केला असणार. एकटीच. खोलीत.

बाहेर आले तर काचेमागून के. निघाले. मला माहीत नव्हतं ते आत होते. त्यांनी माझ्यासाठी दार धरलं.

"फार मजेदार," ते म्हणाले. "पण पहिला जास्त चांगला झाला होता असं ऐकलं."

"कुणाकडून?" माझ्या तोंडून गेलं.

ते हसले. प्रश्नाला नाही, मला.

बाकी पाचजणींपैकी एक. कोण? जी उठून गेली होती ती? की जी हलली नाही ती? दिवसभर मी पाचही चेहऱ्यांकडे संशयानं बघत होते. लि.च्या देशात सगळे असेच जगले असतील.

२० नोव्हेंबर

प्रतींचा संच के.ना दिला. त्यात सात म्हणजे मधाची गोष्ट.

मूळ सात नंबर बाईंच्या कपाटात. मी म्हटलं, पुसून टाकूया का? बाई म्हणाल्या, संशोधनाचं साहित्य नष्ट करता येत नाही, नियम आहे. "काळजी करू नकोस, कुलूप असतं." किल्ल्या दोनच. एक त्यांच्याकडे, एक माझ्या जुडग्यात.

घरी चर्चा. दादा: "उचल अन् टाक कचऱ्यात." वहिनी: "नाही हं. चोरी ती. उद्या कळलं तर थेट घरी पाठवतील." दादा: "अन् त्या बाईला कुठं पाठवतील?" वहिनी पोळ्या लाटत राहिली, लागणार होत्या त्यापेक्षा बऱ्याच जास्त.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. वंदनेला सगळे एका काकांच्या बेसमेंटमध्ये जमलो. मेणबत्त्या, पांढरी फुलं. काकू म्हणाल्या, "तू सोशल वर्क करतेस ना? आपल्या लोकांना गरज आहे बरं तुमची." मी मान हलवली.

डोळे मिटले की कपाट दिसतं. काल त्याच्यासमोर उभी होते, किल्ली लावलेली. मूळ सात नंबर वरच्या फळीवर, मीच लिहिलेलं लेबल. हात पुढे केला नाही. आईला काय सांगणार होते, चोरी केली पण चांगल्यासाठी?

आपण प्रामाणिक आहोत की नुसत्या भित्र्या, हे आतून कळत नाही.

१३ डिसेंबर

त्या गेल्या. विमानतळावर बाईंनी प्रत्येकीला मिठी मारली. के. सामान मोजत होते, सगळ्यांचं.

लि. कानाशी म्हणाली, "जिन्यात खुर्ची टाकली की तुला कळवते." मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "वांग्याची रेसिपी पाठव!"

कपाटाबद्दल तिला सांगितलं नाही. तिला वाटतं जुनी पुसली गेली. मी तसं म्हणाले नव्हते. पण तसं नाही, असंही म्हणाले नाही.

२६ जानेवारी २००४

लि.ची ईमेल! चुकांनी भरलेली, माझ्या आवडत्या. विभागाला दोन खोल्या मिळाल्या, जुन्या सरकारी इमारतीत. एका खोलीच्या दाराला आतून मूठच नाही. "सुताराला बोलावलं तर म्हणाला, बाई, हे दार असंच बनवलेलं आहे." बारा मुली आल्या प्रवेशाला. पहिल्या घराच्या जिन्यात खुर्ची टाकली. म्हातारी तासभर आतून बोलली, मग बाहेर आली, मग दुसरी खुर्ची आणली.

वाचून दाखवल्यावर वहिनी म्हणाली, "बघ, उगाच घाबरत होतीस."

रात्री बर्फ पडला. बरं वाटलं.

१८ मार्च

बाई आज चालता चालता सहज म्हणाल्या: अगं, मंत्रालयाला आपल्याकडच्या मूळ कॅसेटा पाठवल्या मागच्या महिन्यात. पूर्ण संच.

मी म्हटलं, पूर्ण म्हणजे?

"त्यांनीच पत्रातून विचारलं. सातवी इतरांच्या महिनाभर नंतरची आहे, तारखेवरून दिसतं, आधीची कुठे आहे? मग मी म्हटलं, दोन्ही घ्या. चूक आणि दुरुस्ती शेजारीशेजारी. शिकवायला उत्तम." माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं नाव मी सांगितलं. तुझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं."

मी तिथेच सगळं सांगितलं. नवरा, बूट, नाव, उपमंत्री. बाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पण तो रोल-प्ले होता." दोनदा म्हणाल्या.

लि.ला लगेच लिहिलं. काय लिहू? तिची ईमेल कोण वाचतं ठाऊक नाही. शेवटी वांग्याची रेसिपी लिहिली आणि खाली: "दाण्याचं जुनं कूट अजून आहे, आणि ते तुमच्याकडे पोचलं आहे. जपून वापरा." किती बावळट. पण दुसरं काय?

२ एप्रिल

उत्तर आलं. एकही चूक नाही.

"प्रिय सहकारी, आपल्या पाककृतीबद्दल आभार. विभागाचं काम मंत्रालयाच्या मार्गदर्शनाखाली समाधानकारक चालू आहे. गृहभेटींची पद्धत आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सुधारण्यात आली आहे." खाली पूर्ण नाव, हुद्दा.

दहा वेळा वाचलं. तिनं लिहिलं असेल. कुणी शेजारी बसून लिहवलं असेल. तिनं लिहिलंच नसेल.

निकष आमचेच आहेत. प्रोजेक्टच्या मॅन्युअलचं तिसरं प्रकरण, होम व्हिजिटचं. टाइप मी केलंय.

१० जून

ईमेल परत येते. बाईंनी त्यांच्या वकिलातीत फोन केला, मानवी हक्कवाल्या एका संस्थेला लिहिलं. संस्थेचं उत्तर: पुरेशी माहिती नाही. वकिलातीचं उत्तर: श्रीमती लिडिया प्रकृतीच्या कारणानं रजेवर आहेत.

बाई हल्ली केबिनचं दार उघडं ठेवतात. माझ्या मूल्यमापनातली नोंद त्यांनी काढून टाकली. मी सांगितलं नव्हतं.

पदवी मिळाली. बाईंनी प्रोजेक्टवर आणखी एक वर्ष ठेवून घेतलं. दादानं पेढे वाटले ऑफिसात. आई फोनवर रडली. मी म्हटलं, आई, बाळंतपण नव्हतं, पदवी होती. हसली. मग म्हणाली, आवाज असा का येतोय तुझा?

४ ऑक्टोबर

दुसरी तुकडी आली. बाईंना नको होती. विद्यापीठाचा करार आहे, मोडता येत नाही म्हणे. सहा मुली, सगळ्या तरुण, सगळ्यांचे कोट सारखे. सोबत विभागप्रमुख.

श्री. के.

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "लिडियांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

"कशा आहेत त्या?"

"विश्रांती घेत आहेत."

"कुठे?"

मुली जमिनीकडे बघत होत्या. सहाही. के. म्हणाले, "तुम्ही अजूनही तसेच थेट प्रश्न विचारता." आणि कौतुकानं बाईंकडे बघितलं.

सोडून द्यावं, असं दिवसभर वाटत होतं. मग वाटलं, मी गेले तर त्या खोलीत या मुलींसमोर कोण बसेल?

७ ऑक्टोबर २००४

आज रोल-प्ले. के. आधीच काचेमागे जाऊन बसले होते.

पहिली पाळी सगळ्यात लहान मुलीची. बावीस-तेवीसची असेल, नखं खाल्लेली. बाई कॅमेऱ्याची वायर शोधत होत्या तेवढ्यात ती कॉरिडॉरमध्ये माझ्याजवळ आली. इंग्रजी चांगलं आहे तिचं, शाळेतलं.

"मिस, मी खरं सांगायचं की रचून?"

वर्षभर ज्याची भीती होती तो हाच प्रश्न. सूचनापत्रात उत्तर आहे: क्लायंट काल्पनिक असावा. तेवढं वाचून दाखवलं असतं तर पुरलं असतं. पण लि. आणि तिच्या मैत्रिणींनीही ते वाचलं होतं.

मी म्हटलं, "खोटं सांग. इथे कधीच खरं सांगू नकोस. मलाही नाही. नावं तर अजिबात नकोत. रचायला येत नसेल तर मी शिकवते, पण आत जाण्याआधी."

माझाच आवाज मला ओळखू येईना. ज्या कामाला पहिल्यांदा विश्वास लागतो, त्याचा पहिला धडा मी हा दिला.

तिनं समजल्यासारखी मान हलवली. जरा हसलीसुद्धा, आणि मला इतकं हलकं वाटलं. मग तिनं कोटाच्या खिशातून छोटी वही काढली, वर आजची तारीख घातली आणि माझी वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली. अभ्यासू मुली असंच करतात. मीही असंच केलं असतं.

लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "मिस, तुमचं पूर्ण नाव काय?"

मी सांगितलं.